उलटलेले दुखणे आणि आत्मकथनाचा घाट : युवराज सिंग व सुलेका जवाद यांच्या कर्करोगकथनांचा तौलनिक विचार

गोषवारा

तरुण वयात कर्करोगाला सामोरे जावे लागलेल्या व्यक्तींच्या आत्मकथनांत रोग, उपचार आणि 'विजय' असा एक क्रम रूढ झालेला दिसतो. उपचार फसणे, रोग पुन्हा उद्भवणे, बरे झाल्यानंतरही पूर्वीचे आयुष्य हाती न लागणे या अनुभवांना या क्रमात पुरेशी जागा मिळत नाही. प्रस्तुत लेखात युवराज सिंग यांचे 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' (२०१३) आणि सुलेका जवाद यांचे 'बिटवीन टू किंगडम्स' (२०२१) या दोन आत्मकथनांचा या दृष्टीने तौलनिक विचार केला आहे. अशा कथनांचे वाङ्मयीन मूल्य लेखकाच्या धैर्यापेक्षा, कथनाने पीछेहाटीला दिलेल्या स्थानावरून ठरवावे, अशी भूमिका येथे मांडली आहे. मराठी भाषेत आजाराविषयी असलेल्या जुन्या शब्दप्रयोगांचाही या संदर्भात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कर्करोगकथन, आत्मकथन, युद्धरूपक, पीछेहाट, आजाराची भाषा

१. प्रस्तावना

कर्करोगाने मृत्यू पावलेल्या व्यक्तीची निधनवार्ता मराठी वृत्तपत्रात येते तेव्हा तिच्यात 'झुंज' हा शब्द जवळजवळ ठरलेला असतो. ही झुंज 'अखेर संपते' किंवा 'अपयशी ठरते'. रोगी बरा झाला तर तो 'कॅन्सरवर मात' करतो. हे शब्द सद्भावनेने वापरले जातात यात शंका नाही. परंतु त्यांत एक हिशेब दडलेला आहे. बरा झालेला जिंकला असेल तर न झालेला हरला, असे म्हणणे ओघाने येते. आणि हरणाऱ्याचे कुठेतरी काही कमी पडले असावे, हा संशयही त्याच्या मागोमाग येतो. वीस-पंचवीस वर्षांच्या रोग्याच्या बाबतीत हा संशय अधिक जाचक ठरतो. कारण तारुण्य म्हणजे बळ, उमेद आणि जिद्द असे समीकरण समाजाच्या मनात पक्के बसलेले असते.

अमेरिकन विचारवंत सुसान सोंटॅग यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' (१९७८) या ग्रंथात या प्रश्नाची पहिली गंभीर चिकित्सा केली. क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती समाजाने जी रूपके रचली, ती रोग्याच्या दुःखात अपराधभावाची भर घालतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. कर्करोगाविषयीच्या लष्करी परिभाषेवर त्यांचा विशेष रोख होता. या ग्रंथाच्या आरंभी निरोग्यांचे राज्य आणि रोग्यांचे राज्य अशी दोन राज्ये कल्पून प्रत्येक मनुष्य जन्मतः दोन्हींचा नागरिक असतो, असे त्यांनी मांडले आहे. पुढे समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी 'द वुंडेड स्टोरीटेलर' (१९९५) या ग्रंथात आजारकथनांचे तीन प्रकार मानले. पहिल्या प्रकारात रोगी आजारी पडतो, उपचार घेतो आणि पूर्ववत होतो. दुसऱ्यात अनुभव इतका विस्कटलेला असतो की त्याची कथाच होऊ शकत नाही. तिसऱ्यात रोगी आजाराला एका शोधाचे रूप देतो. फ्रँक यांच्या मते आधुनिक समाजाला पहिला प्रकार ऐकायला सर्वाधिक आवडतो.

प्रस्तुत लेखासाठी निवडलेली दोन्ही आत्मकथने तरुणांची आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १५ ते ३९ या वयोगटातील रुग्णांचा स्वतंत्र गट मानला आहे. हा रोगी बालरोग विभागात मावत नाही आणि वृद्धांच्या कक्षात तो परका असतो. शिक्षण, पहिली नोकरी, प्रेम, विवाह, अपत्य हे सारे प्रश्न अजून उघडे असतात. त्यामुळे रोग त्याच्या आयुष्यात प्रवेशतो तेव्हा झालेल्या आयुष्याबरोबरच न झालेल्या आयुष्यावरही तो हात टाकतो. या वयाच्या कथनाचा वेगळा विचार करण्याचे कारण हेच आहे.

२. भारतीय प्रेक्षकाच्या मनातील पूर्वपीठिका

कर्करोगी तरुणाची भारतीय मनातील प्रतिमा साहित्यापेक्षा चित्रपटाने अधिक घडविली. हृषीकेश मुखर्जी यांचा 'आनंद' (१९७१) हा त्यातील सर्वांत प्रभावी चित्रपट होय. आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेला नायक आपले उरलेले दिवस इतरांना हसविण्यात घालवितो. चित्रपटाची वाङ्मयीन योग्यता मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. आनंदच्या आयुष्यात मृत्यू आहे, परंतु उपचार जवळजवळ नाहीत. उलट्या, गळणारे केस, तपासण्यांची प्रतीक्षा, फसलेले औषध यांना तेथे स्थान नाही. रोगी प्रसन्न असतो आणि इतरांनी रडायचे असते, असा एक अलिखित संकेत या चित्रपटाने रूढ केला. जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) या कादंबरीवर आधारलेला 'दिल बेचारा' (२०२०) पाहतानाही हा संकेत फारसा मागे पडलेला नाही, असे जाणवते.

मराठीत संदीप सावंत यांच्या 'श्वास' (२००४) या चित्रपटाने मात्र वेगळी वाट धरली. डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या लहान मुलाचा जीव वाचवायचा असेल तर त्याची दृष्टी जाणार, हे सत्य त्याच्या आजोबांना पेलावयाचे असते. येथे नायक बालक आहे, तरुण नाही. तथापि उपचाराची किंमत हाच चित्रपटाचा विषय असल्याने त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. 'श्वास'मध्ये रोग जातो पण मूल पूर्ववत होत नाही. 'बरे होणे' आणि 'पूर्ववत होणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तो कोणताही उपदेश न करता दाखवितो. पुढील दोन आत्मकथनांकडे याच भेदाच्या कसोटीने पाहता येते.

३. 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' : परतीचे कथन

२०११ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेत युवराज सिंग यांनी ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने अंतिम सामना जिंकला, त्या वेळी त्यांच्या छातीत गाठ वाढत होती. स्पर्धेदरम्यान त्यांना खोकला, धाप आणि उलट्यांचा त्रास होत होता. चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध ११३ धावांची खेळी करताना ते मैदानावरच ओकले होते. पुढे दोन फुप्फुसांमधील पोकळीत 'सेमिनोमा' प्रकारची गाठ असल्याचे निष्पन्न झाले. २०१२ च्या आरंभी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्यांनी रासायनिक उपचारांची तीन आवर्तने घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले आणि सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामना खेळले. शारदा उग्रा व निशांत जीत अरोरा यांच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे आत्मकथन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या ग्रंथाचे उपशीर्षक क्रिकेटपासून कर्करोगापर्यंत आणि तेथून परत असा प्रवास सुचविते. 'परत' हा या कथनाचा मध्यवर्ती शब्द मानता येईल. फ्रँक यांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकाराचे हे ठळक उदाहरण होय. सुरुवात, मध्य आणि शेवट मैदानाच्या संदर्भातच उभे राहतात. रुग्णालय ही मधली सक्तीची विश्रांती ठरते. या घाटामागे एक पूर्वसूरीही आहे. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांचे 'इट्स नॉट अबाउट द बाइक' (२०००) हे आत्मकथन युवराज यांना प्रेरक ठरले होते, आणि दोघांचे उपचार आइनहॉर्न यांच्याशीच निगडित होते. कर्करोग जिंकून सर्वोच्च स्थानी परतलेला खेळाडू हा त्या काळातील सर्वांत लोकप्रिय आदर्श होता. परंतु ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे आर्मस्ट्राँग यांची सारी टूर विजेतेपदे काढून घेण्यात आली. म्हणजे युवराज यांचे पुस्तक वाचकांच्या हाती पडण्याच्या सुमारासच हा आदर्श कोसळला होता. आर्मस्ट्राँग यांचे रोगातून उठणे खरे होते, त्यांचे विजय मात्र खरे नव्हते. रोगावरील विजय आणि मैदानावरील विजय एकाच वाक्यात गुंफण्यातील धोका या घटनेने उघड केला.

तरीही युवराज यांच्या ग्रंथाला केवळ विजयगाथा म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यातील सर्वांत सच्चा भाग विजयाचा नाही, टाळाटाळीचा आहे. शरीर इशारे देत असताना त्यांकडे केलेले दुर्लक्ष, निदानावर विश्वास न बसणे, पर्यायी उपचारांचा आधार शोधणे आणि 'आधी खेळू, मग पाहू' ही वृत्ती यांचे चित्रण ते आडपडदा न ठेवता करतात. गाठ असल्याचे कळल्यानंतरही नोव्हेंबर २०११ मध्ये ते वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी सामने खेळले. वडिलांच्या कठोर शिस्तीत वाढलेल्या मुलाला वेदना दाबणे हाच सद्गुण म्हणून शिकविला गेला होता. स्केटिंगमध्ये पदक मिळविलेल्या मुलाचे ते पदक वडिलांनी फेकून दिल्याचा प्रसंग या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो. ज्या गुणाने खेळाडू घडविला त्याच गुणाने रोगाचे निदान लांबविले, ही विसंगती ग्रंथात आहे. मात्र तिच्यावर थांबून विचार करण्याइतका वेळ कथनाला नाही. त्याला मैदान गाठायचे असते.

उपचारांच्या काळाचे वर्णन तुलनेने आटोपशीर आहे. केस गेलेले डोके, अन्नाची शिसारी, सतत सोबत असणारी आई, परक्या गावातील लांबलचक दिवस, अनिल कुंबळे यांची भेट अशा तपशिलांतून तो काळ उभा राहतो. येथे एक वैद्यकीय वस्तुस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. सेमिनोमा हा रासायनिक उपचारांना उत्तम प्रतिसाद देणारा कर्करोग आहे. सिसप्लॅटिन या औषधावर आधारलेली उपचारपद्धती १९७० च्या दशकात आइनहॉर्न यांनीच प्रस्थापित केली आणि या वर्गातील कर्करोगांचे भवितव्य पालटले. तेव्हा या कथनाचा सरळ, परतीचा घाट लेखकाच्या जिद्दीने जितका घडविला, तितकाच रोगाच्या प्रकृतीनेही घडविला आहे. समीक्षेत हे भान सुटले की औषधाचे श्रेय स्वभावाला दिले जाते.

४. 'बिटवीन टू किंगडम्स' : नंतरचे कथन

सुलेका जवाद यांचा जन्म १९८८ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. वडील ट्युनिशियाचे, आई स्वित्झर्लंडची. प्रिन्स्टन विद्यापीठातील शिक्षणाच्या अखेरच्या वर्षात त्यांच्या अंगाला असह्य खाज सुटू लागली. पुढे पॅरिसमध्ये नोकरी करीत असताना थकवा वाढत गेला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी त्याला अतिश्रमाचे नाव देऊन विश्रांती सुचविली. २०११ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अस्थिमज्जेतील विकारातून उद्भवलेला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. दीर्घकाळ जगण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असल्याचे त्यांना सांगण्यात आले.

येथून पुढे त्यांचे कथन युवराज यांच्या कथनापासून दूर जाते. पहिल्या नेहमीच्या रासायनिक उपचारांचा उपयोग झाला नाही. नंतर प्रायोगिक औषधांच्या चाचणीत सहभागी होण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०१२ मध्ये धाकट्या भावाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आणि त्यानंतरही दीर्घकाळ औषधे चालूच राहिली. एकूण उपचार जवळपास चार वर्षे चालले. या काळात 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून त्यांनी 'लाइफ, इंटरप्टेड' हे सदर लिहिले. सदरातून देशभरातील अनोळखी वाचक त्यांच्याशी पत्रव्यवहार करू लागले.

ग्रंथाची विभागणी दोन भागांत आहे. पहिला भाग रोग आणि उपचारांचा आहे. रूढ घाटानुसार तो संपतो तेथे पुस्तक संपावयास हवे. जवाद यांनी मात्र तेथून दुसरा भाग सुरू केला आहे. रोग गेला, डॉक्टरांनी मोकळे केले, आणि आता जगायचे कसे हेच कळेनासे झाले, ही त्या भागाची आरंभस्थिती आहे. प्रियकराशी असलेले नाते उपचारांच्या ताणाखाली तुटले होते. उपचारकाळात जोडलेले काही समवयस्क स्नेही मृत्यू पावले होते. शरीर थकलेले होते. जग म्हणत होते की आता सारे ठीक आहे. सोंटॅग यांच्या दोन राज्यांच्या कल्पनेवरून ग्रंथाला शीर्षक मिळाले आहे. जवाद यांचे लक्ष मात्र त्या दोन राज्यांमधील सीमेवर आहे. रोग्यांच्या राज्यातून बाहेर पडलेल्याला निरोग्यांच्या राज्यात लगेच नागरिकत्व मिळत नाही, हे त्यांनी दाखविले.

या सीमाप्रदेशाचा वेध घेण्यासाठी त्या नव्याने मोटार चालविण्यास शिकल्या आणि आपल्या कुत्र्यासह शंभर दिवसांचा, सुमारे १५,००० मैलांचा प्रवास करून पत्रलेखक वाचकांना भेटल्या. ओहायोतील निवृत्त कलेतिहासकार आयुष्यभर एका गूढ व्याधीसह जगत आला आहे. कॅलिफोर्नियातील एका शिक्षिकेने मुलगा आत्महत्येत गमावला आहे. टेक्सासमधील मृत्युदंडाची शिक्षा झालेला कैदी एकांतकोठडीत कागदाचे पट बनवून शेजारच्या कैद्यांशी ओरडून शब्दखेळ खेळतो; रुग्णालयाच्या खोलीत अडकलेल्या जवाद यांचाही तोच विरंगुळा होता. हे साम्य लेखिका फार ताणत नाही, हे तिच्या संयमाचे लक्षण होय. रोगी आणि कैदी यांची परिस्थिती एक नाही. दोघांच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा मात्र एकमेकींना ओळखते.

जवाद यांच्या कथनातील आणखी एक बलस्थान म्हणजे त्यांनी रोग्याला सद्गुणी ठरविलेले नाही. सेवा करणाऱ्या प्रियकराविषयीची आपली चिडचिड, त्याच्यावर लादलेले ओझे आणि स्वतःचा स्वार्थ यांची नोंद त्या करतात. उपचारांमुळे मातृत्वाची शक्यता गमावण्याचा प्रश्न, ज्याविषयी डॉक्टर आपणहून बोलले नाहीत, तोही त्या स्पष्टपणे मांडतात. 'आनंद'ने रूढ केलेल्या प्रसन्न रोग्याच्या प्रतिमेला हे लेखन छेद देते.

मर्यादाही नोंदवावयास हव्यात. प्रवासातील बहुतेक भेटींमधून लेखिकेला काही ना काही बोध हाती लागतो. इतरांची दुःखे तिच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच भेटली की काय, अशी शंका काही ठिकाणी येते. फ्रँक यांनी वर्णिलेल्या शोधकथेचाही एक साचा असतो आणि दुसरा भाग अधूनमधून त्याच्या आहारी जातो. ज्या दुःखातून काहीच निष्पन्न होत नाही, त्याला या कथनातही फारशी जागा मिळत नाही.

५. तौलनिक विचार

दोन्ही कथनांतील मुख्य भेद काळाच्या जाणिवेचा आहे. युवराज यांच्या लेखी आजार हा दोन सामन्यांमधील काळ आहे. त्याला आरंभ आहे, आवर्तनांची मोजदाद आहे आणि शेवट आहे. जवाद यांच्या लेखी आजाराचा शेवट कोठे मानायचा हाच प्रश्न आहे. त्यामुळे पहिल्या ग्रंथात पीछेहाट ही कथानकातील अडचण ठरते, तर दुसऱ्यात ती कथानकाचा आधार होते.

दुसरा भेद सोबतीचा आहे. युवराज यांच्या कथनात आई हा अढळ आधार आहे आणि तिच्या थकव्याचा विचार ओझरता येतो. भारतीय कुटुंबात सेवा गृहीत धरली जाते, त्याचे हे प्रतिबिंब म्हणता येईल. जवाद यांच्याकडे सेवा करणाऱ्याचाही कडेलोट होऊ शकतो, हे कथानकाचा भाग बनते. मराठी वाचकाला पहिले चित्र ओळखीचे आणि दिलासा देणारे वाटेल. परंतु आपल्या घरांतील सेवा करणाऱ्या आया, बहिणी, पत्नी यांच्या मौनाचा विचार दुसऱ्या चित्रामुळेच सुचतो.

दोन्ही कथनांची सामाईक मर्यादा सामाजिक स्थानाची आहे. दोघांनाही उत्तम उपचार लाभले, दोघांचाही शब्द प्रसिद्धीमाध्यमांपर्यंत पोहोचत होता. मुंबईत १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. त्यांतील अनेकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा घ्यावा लागतो आणि काही कुटुंबे परळच्या पदपथावर राहतात. त्यांच्या बाबतीत पीछेहाट म्हणजे केवळ औषधाने साथ न देणे नव्हे. गाडीभाडे नसणे, बापाची मजुरी बुडणे, गहाण टाकलेले शेत, बहिणीचे लांबलेले लग्न आणि अखेर उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणे अशी तिची रूपे आहेत. उपचार अर्ध्यावर सुटलेला तरुण आत्मकथन लिहीत नाही. त्यामुळे 'मात' केलेल्यांचीच कथने उपलब्ध होतात आणि त्यांवरून धैर्याचे निकष ठरविले जातात. कर्करोगकथनांच्या अभ्यासकाने ही पोकळी सतत लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

६. पुस्तकानंतरचे आयुष्य

आत्मकथनाचे शेवटचे पान लिहिल्यानंतरही लेखकाचे आयुष्य चालू राहते आणि ते कथनाच्या घाटाची परीक्षा घेते. युवराज परतले, पण परतणे सरळ नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये विश्वचषक टी-ट्वेंटीच्या अंतिम सामन्यात २१ चेंडूंत ११ धावांची संथ खेळी केल्याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांच्या चंदीगडच्या घरावर दगडफेकही झाली. दोन वर्षांपूर्वी ज्याला योद्धा म्हटले, त्याच्या थकव्याला समाजाने जागा ठेवली नाही. जानेवारी २०१७ मध्ये कटक येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५० धावा केल्या आणि जून २०१९ मध्ये निवृत्ती जाहीर केली. हा सारा चढउतार २०१३ च्या ग्रंथात असणे शक्य नव्हते. पण त्या ग्रंथाचा 'परती'चा घाट या चढउतारासाठी वाचकाची काहीच तयारी करीत नाही, हेही खरे.

जवाद यांच्या बाबतीत परीक्षा अधिक कठोर ठरली. ग्रंथ फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, सुमारे दहा वर्षांनी, रोग पुन्हा उद्भवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरे प्रत्यारोपण झाले. त्याच्या पूर्वसंध्येला त्यांनी संगीतकार जॉन बतीस्त यांच्याशी विवाह केला. उपचारांमुळे दृष्टी अंधुक होऊन लिहिणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी जलरंग हाती घेतले. या काळाचे चित्रण मॅथ्यू हाइनमन यांच्या 'अमेरिकन सिम्फनी' (२०२३) या माहितीपटात आले आहे. २०२४ मध्ये रोग तिसऱ्यांदा परतला. 'मात'कथेच्या निकषावर पाहता ही उघड हार ठरेल. परंतु 'बिटवीन टू किंगडम्स' हा ग्रंथ या घटनांनी खोटा पडत नाही. कारण त्याने विजय घोषित केलेलाच नव्हता. दोन राज्यांमध्ये ये-जा असते, हेच त्याचे प्रतिपादन होते. कथनाने अनिश्चिततेला जागा ठेवली असल्याने आयुष्यातील अनिश्चिततेने त्याला धक्का लागला नाही.

सोंटॅग यांचे उदाहरणही येथे आठवते. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या सोंटॅग यांना पुढे अस्थिमज्जेचा विकार झाला, प्रत्यारोपण यशस्वी झाले नाही आणि डिसेंबर २००४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जवाद यांनाही मूलतः तोच विकार झाला होता. रूपकांविषयी सावध करणाऱ्या लेखिकेच्या एका रूपकाचाच आधार एका तरुणीला पुढे घ्यावासा वाटला, यावरून रूपके टाकून देता येत नसली तरी निवडता येतात, असे म्हणता येईल.

७. मराठी भाषेतील पर्यायी शब्दकळा

मराठीत ही निवड करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. 'झुंज', 'मात', 'लढा' ही शब्दकळा वृत्तपत्रीय आहे. घरगुती मराठीत माणूस दुखण्याशी लढत नाही. तो दुखणे 'काढतो'. उन्हाळा काढावा, वाईट दिवस काढावेत, तसे दुखणे काढायचे असते. या क्रियापदात शौर्याचा आव नाही; काळ आहे, चिकाटी आहे आणि सोबतीची गरजही आहे. बरा झालेला माणूस दुखण्यातून 'उठतो'. उठलेला माणूस लगेच धावत नाही, तो काही दिवस भिंत धरून चालतो, हे या शब्दाला ठाऊक आहे.

याहून महत्त्वाचा शब्द 'उलटणे' हा होय. ताप उलटला, टायफॉइड उलटला, असे जुनी माणसे सहज म्हणत. या वाक्यात कर्ता रोग आहे, रोगी नाही. रोगी हरत नाही, त्याचे धैर्य कमी पडत नाही. दुखणे उलटते आणि ते पुन्हा काढावे लागते. हे वाक्य रोग्याला दोष देत नाही आणि खोटी आशाही दाखवीत नाही.

अर्थात घरगुती मराठीतही 'भोग' आणि 'प्रारब्ध' हे शब्द आहेत, आणि ते रोग्याला पूर्वकर्माच्या हिशेबात उभे करतात. 'झुंज' हा शब्द चालू जन्मातील कर्तृत्वाचा जाब विचारतो, तर 'भोग' मागील जन्माचा. दोन्ही ठिकाणी जाब रोग्यालाच द्यावा लागतो. म्हणून जुनी शब्दकळा सरसकट स्वीकारण्याचा हा आग्रह नव्हे. जाब न विचारणारे शब्दही आपल्याच भाषेत आहेत आणि कर्करोगाच्या संदर्भात ते मागे पडले आहेत, एवढेच येथे निदर्शनास आणावयाचे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

एक, तरुण कर्करोग्याच्या आत्मकथनाचा घाट लेखकाच्या स्वभावाबरोबरच रोगाची प्रकृती, उपलब्ध उपचार आणि सामाजिक स्थान यांनी घडतो. घाटावरून धैर्याचे माप काढणे समीक्षेच्या दृष्टीने चुकीचे आहे.

दोन, 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' या ग्रंथाचे खरे मूल्य त्यातील परतीपेक्षा नकार आणि विलंब यांच्या प्रामाणिक कबुलीत आहे. 'बिटवीन टू किंगडम्स' या ग्रंथाचे मूल्य उपचार संपल्यानंतरच्या काळाला त्याने कथनाचा विषय केले, यात आहे.

तीन, पुनरुद्भव आणि फसलेले उपचार यांना ज्या कथनात आधीपासून जागा असते, ते कथन पुढील आयुष्याने खोटे पडत नाही. पीछेहाटीचे स्थान हा या वाङ्मयप्रकाराच्या मूल्यमापनाचा निकष मानता येईल.

चार, उपचार अर्ध्यावर सुटलेल्या, निम्न आर्थिक स्तरातील तरुणांची कथने लिखित स्वरूपात जवळजवळ येत नाहीत. त्यांच्या मौखिक कथनांचे संकलन हे मराठी व समाजशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हाती घेण्याजोगे काम आहे.

या प्रश्नाला अध्यापकाच्या दृष्टीने एक व्यावहारिक बाजूही आहे. या वयोगटातील पुष्कळ तरुण महाविद्यालयातच असतात. उपचारांमुळे वर्ष बुडालेला विद्यार्थी पुन्हा वर्गात येतो तेव्हा टाळ्या वाजवून त्याला योद्धा ठरविणे सोपे असते. त्यानंतर सहा महिन्यांनी त्याचे दुखणे उलटले, तर त्या टाळ्यांचे ओझे त्यालाच वाहावे लागते. त्याला गौरवापेक्षा हजेरीतील सवलत, बुडालेल्या तासिकांची टिपणे आणि पुन्हा गैरहजर राहावे लागले तरी आपली जागा राहील याची खात्री अधिक उपयोगाची असते.